एलईडी डीआरएल लावून नऊ महिने झाले: इंडिकेटरचा घोळ आणि खरा दोष कुठे होता

जानेवारीत माझ्या जुन्या हॅचबॅकच्या पुढच्या बंपरमधे एलईडी डीआरएल (दिवसाही पेटते राहणारे दिवे, डेटाइम रनिंग लाइट) बसवून घेतले. एरवी पांढरे आणि इंडिकेटर दिला की पिवळे होणारे, जोडी फिटिंगसकट १४०० रुपये. आता ऑक्टोबर संपत आलाय. या दिव्यांचे पहिल्या दिवशीचे फोटो सगळीकडे दिसतात पण एक पावसाळा काढल्यावर काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

मी रत्नागिरीत असतो, महिन्यातनं दोन-तीनदा आंबा घाटातनं कोल्हापूरला जावं लागतं. पावसाळ्यात घाटात भर दुपारी असं धुकं उतरतं की समोरची एसटी अगदी जवळ आल्यावर दिसते, आपण तिला दिसावं एवढ्यासाठीच हे दिवे घेतले. मे पर्यंत इंडिकेटर एकदम झकास चालले, तिथे काही तक्रार नाही.

जूनमधे पाऊस लागला आणि डावा इंडिकेटर डबल स्पीडने टिकटिकायला लागला, बल्ब उडाल्यावर करतो तसा. उतरून बघितलं तर इंडिकेटरचा बल्ब मिणमिणता आणि शेजारचा पार्किंगचा छोटा बल्ब, ज्याचं बटण मी दाबलेलंच नाही, तो इंडिकेटरच्या तालावर पेटतोय. पार्किंग चालू करून इंडिकेटर दिला तर दोन्ही मंद. ऊन पडलं की दोन दिवस सगळं ठीक, परत सर आली की परत तेच.

पहिल्या इलेक्ट्रिशियनने फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलला, फरक शून्य. दुसरा म्हणाला एलईडी करंट कमी खातात म्हणून असं होतं, जास्तीचा करंट ओढायला रेझिस्टर टाकू. हे मला पटलं नाही आणि का ते सांगतो, कारण हा सल्ला सर्रास दिला जातो. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपियर घेतो, तो काढून जागी एलईडी लावला तर करंट एकदम पडतो आणि फ्लॅशरला वाटतं बल्ब गेला, इथपर्यंत बरोबर. पण माझे मूळ बल्ब जागेवरच होते, डीआरएल त्यांच्या जोडीला वेगळे जोडलेले, मग करंट कमी व्हायचं काय कारण? आणि ६ ओहमचा रेझिस्टर इंडिकेटर पेटलेला असताना २४ वॅट नुसती उष्णता काढतो, प्लॅस्टिकजवळ तो लावायचा म्हणजे नवीन दुखणं.

शेवटी ऑगस्टमधे एका रविवारी स्वतःच मल्टीमीटर घेऊन बसलो. बल्ब काढून होल्डरमधे व्होल्टेज बघितलं तर १२.४, सगळं ओके. इथेच फसायला होतं. बल्ब काढलेला असताना करंटच वाहत नाही त्यामुळे सडलेली वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते. मग बल्ब परत लावला, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला आणि लाल पिन होल्डरच्या अर्थिंगला (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी वायर). बायकोला आत बसवून डावा इंडिकेटर द्यायला सांगितला. तिथे जेमतेम शून्य यायला हवं, माझा आकडा प्रत्येक टिकटिकीला उडी मारत ७ व्होल्टच्या वर जात होता! म्हणजे बल्बमधून आलेल्या करंटला परत जायला रस्ताच नव्हता, तो पार्किंगच्या बल्बमधून उलटा शिरून वाट काढत होता, म्हणून तो छोटा बल्ब पेटायचा. खात्री करायला एक जाड वायर बॅटरी मायनसपासून थेट होल्डरच्या अर्थिंगला टेकवली, त्या क्षणी इंडिकेटर लख्ख आणि टिकटिक नॉर्मल. बायको आतनं ओरडली, झालं का नीट?

मग अर्थिंगची वायर धरून मागे मागे गेलो. बॅटरी ट्रेखाली बॉडीला एक बोल्ट आहे. डीआरएल बसवताना त्याच बोल्टखाली आणखी एक थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) घुसवलेली, तीपण रंगावरच, आणि बोल्ट हाताने हलत होता. खाली गंज, थिंबलवर हिरवी पूड. समुद्राच्या हवेत तांबं किती पटकन कळकतं ते इथल्या लोकांना सांगायला नको. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, नवीन थिंबला क्रिंप करून घट्ट आवळल्या, वरून व्हॅसलिन.

दुसरी गोष्ट, डीआरएलच्या वायरी गाडीच्या मूळ हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) चिमटा कनेक्टरने जोडल्या होत्या, वायर न सोलता दाबून बसवतात ते. ते उघडले तर आत वायर काळी पडलेली, दोन इंच कापल्यावर लाल तांबं दिसलं. आता सगळे जॉइंट सोल्डर करून हीट श्रिंक चढवलीय, आणि पांढऱ्या दिव्याचा सप्लाय पार्किंगच्या वायरवरून काढून रिलेमधून (करंटने चालणारा स्विच) घेतलाय, बॅटरीजवळ ३ अँपियरचा फ्यूज टाकून. या कामाला साधारण तीनशे रुपये आणि अख्खा रविवार गेला. तेव्हापासून सप्टेंबरच्या पावसातसुद्धा एकदाही त्रास नाही.

आता दिव्यांबद्दल. घाटात उपयोग होतो, समोरून येणारे आता लांबूनच आपली बाजू धरतात हे मला स्पष्ट जाणवलंय. पण दुपारच्या उन्हात यांचा पिवळा फारसा दिसत नाही, त्यामुळे याच्या भरवशावर मूळ इंडिकेटरचे बल्ब कोणी काढू नका. उजव्या पट्टीत आतून वाफ धरते आणि टोकाचा एक एलईडी पाचव्या महिन्यातच गेला. १४०० ला ठीक म्हणेन, पण फिटिंग समोर उभं राहून करून घ्या आणि फिटरने लावायला चिमटा कनेक्टर हातात घेतला की तिथेच थांबवा.

उजव्या बाजूचं अर्थिंगही मागच्या आठवड्यात मोजलं. तिकडे काहीच तक्रार नव्हती तरी ०.६ व्होल्ट आलं, तीपण थिंबल बदलली, आता ०.०५ दाखवतंय.