'१६०० एक्स, १२ मेगापिक्सेल' मायक्रोस्कोपच्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

मंडळी, ऑनलाईन दोन-अडीच हजारात ते यूएसबी डिजिटल मायक्रोस्कोप मिळतात ना, नळीसारखे, तोंडाशी गोल आठ एलईडी, बॉक्सवर मोठ्या अक्षरात १६०० एक्स आणि १२ मेगापिक्सेल, त्यातला एक मी घेतला आणि दोन्ही आकडे सरळसरळ खोटे निघाले. थोडंफार इकडेतिकडे नाही, साफ खोटे. घरी एसएमडीचं (सर्किट बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर करायच्या बारीक भागांचं) काम करणारे, बोर्ड बनवणारे, किंवा पोराला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असं काही घेऊन देणार असाल तर हे पूर्ण वाचा, कारण ही फसवणूक घरच्या घरी स्टीलच्या पट्टीने पकडता येते, फक्त ती रिटर्नची मुदत संपायच्या आत पकडावी लागते, आणि विकणाऱ्याचा सगळा खेळ ती मुदत घालवायचाच असतो.

मी इचलकरंजीचा, नोकरी वेगळ्या क्षेत्रात, इलेक्ट्रॉनिक्स हा जुना छंद. पूर्वी बोर्डाच्या भोकात घालायचे लांब पायांचे आयसी, काही अडचण नव्हती. आता हवी ती चिप बघायला जावं तर ती एसएमडीतच मिळते. ०८०५ साईजचा रेझिस्टर दोन मिलिमीटर लांब असतो, तो दिसतो, ०६०३ चष्मा लावून जमतो, पण ०४०२ म्हणजे १ मिलिमीटर बाय अर्धा मिलिमीटर. आणि शेतातल्या मोटरसाठी मी जो कंट्रोलर बनवतोय त्यात ४८ पायांचा मायक्रोकंट्रोलर (सगळं चालवणारी मुख्य चिप) आहे, दोन पायांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर अर्धा मिलिमीटर, म्हणजे मधली मोकळी जागा साधारण पाव मिलिमीटर. तिथे सोल्डरचा ब्रिज झाला की नाही, म्हणजे वितळलेल्या सोल्डरने शेजारचे दोन पाय एकमेकांना जोडले गेले की नाही, हे चाळिशी लागलेल्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून मायक्रोस्कोप.

लिस्टिंगवर नाव 'प्रोफेशनल पीसीबी सोल्डरिंग मायक्रोस्कोप'. फोटोत चिपचे पाय एकदम काचेसारखे स्वच्छ, खालून सोल्डर वितळवायची तापती सोल्डरिंग आयर्न आत गेलेली, शेजारी भक्कम मेटलचा स्टँड. खाली ढीगभर पाच स्टार. त्या पाच स्टारचं गुपित बॉक्स उघडल्यावर कळलं, आत एक कार्ड होतं, '५ स्टार रिव्ह्यू टाका, स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवा आणि १५० रुपये कॅशबॅक मिळवा'. म्हणजे वस्तू वापरायच्याही आधी रिव्ह्यू विकत घेतलेला. तुमच्या पार्सलमध्ये असं कार्ड निघालं तर ते फेकू नका, फोटो काढून ठेवा, तक्रारीत तो पुरावा म्हणून लागतो.

आता मुद्द्याचं, हे तपासायचं कसं.

आधी तो १६०० एक्स बघू. एक्स म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते, बरोबर? १ मिलिमीटरचा रेझिस्टर १६०० पट मोठा केला तर १६०० मिलिमीटर, म्हणजे १.६ मीटर लांब दिसायला पाहिजे. माझा मॉनिटर २४ इंची, त्याची रुंदी ५३ सेंटीमीटर. म्हणजे खरंच १६०० एक्स असता तर अख्ख्या स्क्रीनवर मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश भाग मावला असता. मी स्टीलची पट्टी खाली ठेवली, जास्तीत जास्त झूम केलं, फोकस केला, तर स्क्रीनभर अडीच मिलिमीटर दिसत होते. ५३० भागिले अडीच, म्हणजे सव्वादोनशेच्या आतच, आणि तेसुद्धा मॉनिटर मोठा आहे म्हणून. हीच नळी मोबाईलला लावली तर आकडा अजून खाली येईल, कारण डिजिटलमध्ये एक्स हा लेन्ससोबत स्क्रीनच्या साईजवरही ठरतो, त्यामुळे स्क्रीनची साईज न सांगता नुसतं एक्स लिहिणं हेच मुळात काही न सांगण्यासारखं आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये १००० एक्स बघितला असेल त्यांना आठवत असेल, १०० एक्सचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह (वस्तूजवळची लेन्स), १० एक्सचं आयपीस (डोळ्याजवळची लेन्स), लेन्स आणि स्लाईडच्या मध्ये तेलाचा थेंब, अंतर पाव मिलिमीटरपेक्षाही कमी. प्लॅस्टिकच्या नळीतून हवेत ठेवून १६०० एक्सला साजेसा बारकावा मिळणं प्रकाशाच्या नियमातच बसत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या सव्वादोनशेच्या झूमला नळीचं तोंड बोर्डाला जवळजवळ टेकलेलं असतं. आयर्न घालणार कुठून? लिस्टिंगच्या फोटोत आयर्न आत गेलेली दाखवली ती जागा प्रत्यक्षात नाहीच. नळी वर उचलून आयर्नपुरती जागा केली की झूम एकदम कमी होतो, आणि तेवढ्या जवळ फ्लक्सचा (सोल्डर नीट बसावं म्हणून लावतात त्या रसायनाचा) धूर लेन्सच्या काचेवर बसून चित्र धुरकट होतं ते वेगळंच.

मग १२ मेगापिक्सेल. सीडीतलं सॉफ्टवेअर टाकलं की त्यात ४००० बाय ३००० चा पर्याय दिसतो, फोटोची फाईलही तेवढीच मोठी तयार होते, म्हणून बहुतेक लोक इथेच थांबतात. मी ते सॉफ्टवेअर बंद केलं आणि विंडोजचं स्वतःचं कॅमेरा ॲप उघडलं, तिथे एकच पर्याय, ६४० बाय ४८०. खात्री करायला लिनक्सवर लावून कॅमेरा स्वतः कोणकोणते साईज देतो त्याची यादी काढली, तिथेही ६४० बाय ४८०. म्हणजे ३,०७,२०० पिक्सेल. १२ मेगापिक्सेल म्हणजे १ कोटी २० लाख. दर शंभरात जेमतेम अडीच पिक्सेल खरे, बाकीचे साडेसत्त्याण्णव कॉम्प्युटरने मधल्यामधे अंदाजाने भरलेले. पासपोर्ट साईजचा फोटो ताणून चौकातल्या फ्लेक्सवर लावला तर चेहरा मोठा होतो पण नवीन काही दिसत नाही, तसंच हे.

काही मॉडेलमध्ये हा ताणायचा उद्योग आतली चिपच करते, मग विंडोजमध्येही मोठा आकडा दिसतो. त्यासाठी दुसरी टेस्ट करा. नवीन जांभळट १०० रुपयांच्या नोटेवर आरबीआय, भारत, इंडिया अशी सूक्ष्म अक्षरं छापलेली असतात. नळी न हलवता, झूम न बदलता त्याच जागेचा एक फोटो सगळ्यात लहान साईजला आणि एक सगळ्यात मोठ्या साईजला काढा, मग लहान फोटो मोठा करून दुसऱ्याच्या शेजारी ठेवा. मोठ्या फोटोत अक्षराची कड जास्त धारदार दिसली तर निदान काही जास्तीचे पिक्सेल खरे. दोन्ही सारखेच मऊ दिसले तर तुमच्याकडून नसलेल्या पिक्सेलचे पैसे घेतलेत.

आमच्या इथे एक मोबाईल रिपेअरिंगवाला पोरगा आहे, मदरबोर्डवरचे आयसी बदलतो, हात एकदम साफ. त्याला दाखवलं तर म्हणाला, "दादा, आम्ही अख्खं आयसी काढून बसवतो ते पण दहा-वीस एक्सवर. सोळाशे घेऊन करायचं काय?" त्याच्याकडे दोन डोळ्यांनी बघायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, ७ ते ४५ एक्सचा, आणि खाली ०.५ एक्सची बार्लो लेन्स (वरून बसवायची जोडलेन्स) लावलेली. ती लावली की झूम निम्मा होतो पण बोर्ड आणि लेन्समधलं अंतर साधारण दुप्पट होतं, मग आयर्न, चिमटा, हॉट एअर सगळं आरामात जातं. आणि चित्र सरळ डोळ्यात येतं त्यामुळे उशीर नाही. माझ्या नळीत आयर्न हलवली की स्क्रीनवर ती थोड्या वेळाने हलायची, तेवढ्यात टोक दुसऱ्याच पायाला लागलेलं. त्या पोराने घड्याळवाल्यांचं असतं तसं डोळ्याला लावायचं १० एक्सचं साधं भिंग दिलं, बोर्ड जरा तिरका धरला आणि एका मिनिटात चिपच्या पायांच्या मागच्या बाजूला, बॉडीला चिकटून असलेला ब्रिज दाखवला. माझ्या मायक्रोस्कोपमध्ये त्या जागी नुसता पांढरा चकाकणारा ठिपका दिसत होता, कारण आठही एलईडी सरळ वरून मारतात आणि सोल्डर आरशासारखं चमकतं. (ज्यांच्याकडे अशी नळी आहेच त्यांनी एलईडीपुढे ट्रेसिंग पेपरची गोल चकती लावून, मधे लेन्सपुरतं भोक पाडून बघा, चकाकी बरीच कमी होते.)

आता विकणाऱ्याचं वागणं, हे नीट वाचा. लिस्टिंगवर '७ दिवस रिप्लेसमेंट ओन्ली' असं होतं. मी पट्टीचे फोटो पाठवून तक्रार केली तर पहिलं उत्तर, "सर ड्रायव्हर अपडेट करा." केलं, सांगितलं. मग "सर टेक्निकल टीम आपल्याला कॉल करेल." तो कॉल येईना. मग "सर आपण पॅनिक होऊ नका, पीस बदलून देतो, फक्त तक्रार क्लोज करा म्हणजे सिस्टीममध्ये रिप्लेसमेंट टाकता येईल." तक्रार क्लोज करायची नाही, कितीही गोड बोलले तरी नाही. एकदा क्लोज केली की रेकॉर्डवर तुम्ही समाधानी ग्राहक, आणि मुदत संपली की चॅटवर उत्तर येणं बंद. मी क्लोज केली नाही तरी त्यांनी दुसरा पीस पाठवला, तो हुबेहूब तसाच, आणि वर "आता आपली रिप्लेसमेंट वापरून झाली सर" असं ऐकवलं. म्हणजे एका खोट्या वस्तूच्या जागी दुसरी खोटी वस्तू देऊन हिशोब मिटवायचा. याचा मला फार संताप आला, कारण माझं काम अडलं ते अडलंच, पण मी ज्या भाषेत त्यांना पुरावा देत होतो ती समजणारे लोक किती असतील? ज्याला पिक्सेल म्हणजे काय माहीत नाही तो 'आपल्यालाच वापरता येत नाही' असं समजून गप्प बसतो.

इथे कायदा आपल्या बाजूने आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये स्पष्ट आहे की वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या वैशिष्ट्यांप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. त्यामुळे 'रिप्लेसमेंट ओन्ली' ही पाटी दाखवून तुम्हाला गप्प करू देऊ नका. त्याच नियमांप्रमाणे साईटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एक महिन्यात ती सोडवायची असते. त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साईटवर तळाशी कुठेतरी बारीक अक्षरात असतो, शोधा. मी विक्रेत्याशी बोलणं थांबवलं आणि थेट त्या अधिकाऱ्याला ईमेल केला, लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, पट्टीचा फोटो, ६४० बाय ४८० दाखवणारा स्क्रीनशॉट आणि कॅशबॅकचं कार्ड जोडून. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, तिथे मराठीत बोलता येतं. तिथून तक्रार कंपनीकडे गेल्यावर मात्र एकदम चक्रं हलली आणि पूर्ण पैसे परत आले. नसते आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी होती, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत कधीही जाता येतं, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतं, विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा.

मधल्या काळात अजून एक प्रकार झाला. त्याच लिस्टिंगच्या प्रश्नोत्तरात मी तक्रार लिहिली होती, त्यानंतर व्हॉट्सॲपवर कॉल, "रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय, क्यूआर पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, पैसे लगेच जमा." ऑर्डरची माहिती त्याला कुठून मिळाली देव जाणे. पैसे येताना यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन फक्त पैसे जाताना लागतो. मी फोन ठेवून नंबर ब्लॉक केला. तुमच्या घरात कुणी अशा कॉलला बळी पडलंच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवून धरायची शक्यता जास्त. आणि बॉक्समध्ये मोबाईल ॲपसाठी एक क्यूआर असतो, तोही स्कॅन करू नका. प्ले स्टोअरच्या बाहेरची फाईल उतरवायला सांगतो आणि कॉन्टॅक्ट, एसएमएस सगळ्यांची परवानगी मागतो. कॅमेऱ्याला एसएमएस कशाला लागतात? ओटीजी केबल (मोबाईलला यूएसबी वस्तू जोडायची छोटी केबल) लावून प्ले स्टोअरवरचं कुठलंही साधं यूएसबी कॅमेरा ॲप चालतं.

सगळे स्वस्त मायक्रोस्कोप टाकाऊ आहेत असं मी म्हणत नाही. नाणी, पानं, कापडाचा धागा, तयार बोर्डावरचा चिपचा नंबर वाचणं यासाठी ही नळी चालेल, तिच्या खऱ्या क्षमतेप्रमाणे किंमत आणि माहिती दिली असेल तर. सोल्डरिंगला घ्यायचा असेल तर विक्रेत्याला चॅटमध्ये लेखी विचारा, सेन्सरचं मूळ रिझोल्युशन किती, आणि फोकस असताना लेन्सपासून बोर्डापर्यंत अंतर किती. दहा सेंटीमीटरच्या आसपास अंतर नसेल तर आयर्न चालवताना हात अडणार. उत्तर टाळलं किंवा पुन्हा 'एचडी क्वालिटी सर' एवढंच आलं तर सोडून द्या. शक्य असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत जाऊन स्वतःचा एक बोर्ड सोबत नेऊन, चालू करून बघून घ्या.

ती लिस्टिंग अजून चालू आहे, फोटो तेच, ब्रँडचं नाव बदललंय आणि आता वर २००० एक्स लिहिलंय. ज्यांच्याकडे या आठवड्यात असं पार्सल आलं असेल त्यांनी आजच पट्टीचा फोटो काढून तक्रार टाका, आणि विंडोजमध्ये काय साईज दिसतोय तो इथे खाली लिहा, म्हणजे कुठल्या नावाने काय विकलं जातंय ते बाकीच्यांना कळेल.