वेल्श न्यूजपेपर्स ऑनलाइन: फुकट आहे, पण शोधता आलं पाहिजे

वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची ही सेवा. पैसे नाहीत, खातं उघडायची कटकट नाही, 1919 पर्यंतच्या वर्तमानपत्रांची 11 लाखांवर पानं घरबसल्या. वेल्सच्या कार्डिगनशरसारख्या शेतीवाडीच्या जिल्ह्यात काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी निवडून आलेली संस्था, कशी उभी राहिली हे बघायला याहून सोयीची जागा नाही. फक्त नुसतं ‘काउंटी कौन्सिल’ टाकू नका, निकालांचा ढीग अंगावर येतो.

आधी तारखेची चाळणी लावा: जानेवारी ते एप्रिल 1889. निवडणुका जानेवारीत झाल्या, कारभार हाती आला 1 एप्रिलला. मधल्या दिवसांत कौन्सिल ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे हंगामी होती; त्या बातम्यांसाठी हा शब्द जोडा. पोलिसांविषयी हवं असेल तर ‘स्टँडिंग जॉइंट कमिटी’ शोधा. पोलीस खातं एकट्या कौन्सिलच्या हाती दिलंच नव्हतं. निम्मे मॅजिस्ट्रेट, निम्मे कौन्सिलर अशी ही समिती. हे माहीत नसलं की तासभर शोधूनही हाती काही लागत नाही. पॅरिश कौन्सिलांच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारख्या) पहिल्या निवडणुकांसाठी डिसेंबर 1894 बघा.

खरी गंमत वेल्श भाषेतल्या वर्तमानपत्रांत. आपल्याकडे विभक्ती लागताना शब्दाचं शेपूट बदलतं, वेल्शमध्ये तोंड बदलतं. कौन्सिलला ‘कंगोर’ (cyngor) म्हणतात. सुरुवातीच्या सी-चा वाक्यात कधी जी होतो, कधी एन-जी-एच, कधी सी-एच. चारही रूपं वेगवेगळी टाकून बघा, नाहीतर अर्ध्या बातम्या निसटतात. गावांचं स्पेलिंगही जुनंच चालवा: आबेराइरॉनच्या (Aberaeron) मधल्या ए-ई च्या जागी तेव्हा ए-वाय छापत.

उणं म्हणाल तर यंत्राने वाचलेला मजकूर. पानाच्या चित्राशेजारी तो दिसतो, शोधही त्यातच घेतला जातो. फिकट शाई, छपाईचे झिजलेले खिळे, चिकटलेले रकाने, की आडनावांची पार वाट लागते. आडनावाने सापडलं नाही तर गावाचं नाव टाका. मतांचे आकडे मात्र मूळ चित्र मोठं करूनच उतरवा. 3 आणि 8 मध्ये हमखास घोळ होतो.

1919 नंतरचं इथे काही मिळणार नाही. त्यासाठी अ‍ॅबरिस्टविथच्या जुन्या टाउन हॉलमधलं केरेडिगियॉन अभिलेखागार गाठावं लागतं. जाण्याआधी नावांचा गुंता सोडवून घ्या: 1974 मध्ये कार्डिगनशर डव्हेड (Dyfed) काउंटीत गेलं आणि केरेडिगियॉन हा तिच्या हाताखालचा डिस्ट्रिक्ट झाला. 1 एप्रिल 1996 ला नवी कौन्सिल आली ती पुन्हा कार्डिगनशर नावाने, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं केरेडिगियॉन झालं.