चेटकीण रेखाटताना: ड्यूरर की बाल्डुंग?

पारंपरिक युरोपीय चेटकीण रेखाटण्यासाठी दोन जर्मन चित्रे आदर्श ठरतात. आल्ब्रेख्ट ड्यूररने १५०० च्या सुमारास छपाईसाठी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली वृद्धा बोकडावर उलटी बसली आहे. तिचे शरीर केवळ बारीक रेषांतून घडते आणि केस अपेक्षित दिशेच्या उलट उडतात, ज्यातून सृष्टिक्रम उलटल्याची भावना, माझ्या मते, सर्वाधिक तीव्रतेने येते. हान्स बाल्डुंगने १५१० मध्ये चेटकिणींच्या काष्ठठशासाठी (लाकडी ठोकळ्यांवरून छापलेल्या चित्रासाठी) दोन ठोकळे वापरले: एक काळ्या रेषेचा, दुसरा छटेचा, छटा कोरून काढलेल्या जागी कागदाचा पांढरेपणा उजेड होतो.

व्यक्तिरेखेचा स्वभाव दाखवायचा असल्यास ड्यूररची रेषा घ्यावी. रात्र, वाफ आणि वातावरण हवे असल्यास बाल्डुंगच्या धर्तीवर राखाडी कागदावर काळी शाई व पांढरा रंग वापरावा. नवशिक्यांना मी दुसरा मार्ग सुचवेन.