पावती खरी, पानं खोटी: इस्तंबूलमध्ये मला १,२५,३२० रुपयांना कसं गंडवलं

इस्तंबूलला जाऊन ऑटोमन म्हणजे तुर्की सुलतानांच्या काळातली चित्रांची हस्तलिखित पानं विकत घ्यायचा विचार असेल, तर आधी हे वाचा. जुन्या कागदावर नवं चित्र काढून विकतात, हे तुम्ही ऐकलं असेलच. मीही ऐकलं होतं. तरी तीन पानांचे १,४५० डॉलर मोजले. कार्डवर १,२०,३५० रुपये गेले, परदेशी व्यवहाराचे साडेतीन टक्के म्हणजे ४,२१२ आणि त्यावर जीएसटी ७५८. एकूण १,२५,३२०. दुकानदाराने आधी २,४०० डॉलर सांगितले होते. घासाघीस करून आपणच त्याला लुटलं, अशा थाटात मी बाहेर पडलो, हे आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मी काही रस्त्यावरचं पहिलं दुकान गाठणारा पर्यटक नाही. घरात मोडी कागद आहेत, हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली कुराणं तासन्‌तास पाहिली आहेत. बोरूने लिहिलेलं ओळखता येतं. आणि कागद खरोखरच जुना होता हो! खळ देऊन घोटलेला, कडांना पिवळा पडलेला, किड्यांनी खाल्लेला. पहिल्या दोन पानांवरची अक्षरंही खरी, हाताने लिहिलेली. डाव तिथेच असतो. कुठलं तरी स्वस्तातलं, बिनचित्रांचं पुस्तक फाडायचं, निम्म्या ओळींवर रंग चढवायचा आणि पानागणिक विकायचं. नुसत्या मजकुराला गिऱ्हाईक नाही, चित्राला आहे. एक धडधाकट पुस्तक त्यात कायमचं संपतं, त्याचं कुणालाच काही नाही.

आता ते ७०० डॉलरचं पान. तकी अल-दीन या ऑटोमन खगोलशास्त्रज्ञाची वेधशाळा, असं सांगितलं. वेधशाळा खरी आहे. १५७७च्या सुमारास इस्तंबूलमध्ये उभी राहिली आणि १५८० साली सुलतानाच्या हुकमाने पाडली गेली. तिचं अस्सल चित्र इस्तंबूल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. माझ्या पानावर फेटेवाले ज्योतिषी, पृथ्वीगोल, वर सोनेरी आभाळ आणि उजवीकडे एक जण डोळ्याला दुर्बीण लावून उभा.

दुर्बीण! ती आली १६०८ साली, हॉलंडात. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, गॅलिलिओचा धडा मुलांकडून पाठ करून घेतला आणि ते पान हातात धरून मी गप्प उभा होतो. का? तर भिंगं नसलेल्या नुसत्या नळीतून आकाशाचा तुकडा न्याहाळायची पद्धत दुर्बिणीच्या आधीपासून होती, हे मला ठाऊक होतं. दुकानदाराला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही, त्याची बाजू मीच मनातल्या मनात मांडली. ज्याला काहीच माहीत नाही, तो माणूस निदान विचारतो तरी!

मजकूर वाचून घ्या. अरबी येणारा माणूस तुमच्या गावात नक्की सापडेल. मी परत आल्यावर एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. ४५० डॉलरचं शिकारीचं पान वाचून ते हसायलाच लागले. “साहेब, इथे वुजू, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुणं, कसा करावा ते लिहिलंय, आणि वर हा घोडेस्वार हरणाच्या मागे!” मग त्यांनी पान उजेडाकडे धरलं. किड्याचं भोक अक्षराला आरपार कापून गेलेलं, पण चित्रातल्या भोकाच्या आतल्या कडेला निळा रंग उतरलेला. म्हणजे कीड आधी, चित्रकार नंतर. दहा रुपयांच्या भिंगातून दिसलं असतं. ३०० डॉलरचं तिसरं पान तर हस्तलिखितही नव्हतं, शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं निघालं. शाई सगळीकडे सारखी काळी, बोरू बुडवल्यावर गडद आणि पुढे फिकी होत जाते तसं काही नाही. वरून सोनेरी पूड फासलेली. आपल्याकडेही लखनौच्या नवलकिशोर छापखान्याची शिळाछाप पानं रंगवून ‘हस्तलिखित’ म्हणून गळ्यात मारतात, सांभाळा.

आणि ती पावती. ‘हाताने रंगवलेली नवी शोभेची वस्तू’ असं इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं. “हे फक्त विमानतळासाठी, नाहीतर अडवतील,” असं म्हणून दुकानदाराने डोळा मारला. तुर्कस्तानात १९८३च्या कायद्याने पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा मला ते पटलं. पटलं काय, आपण दोघं मिळून कुणाला तरी चकवतोय, याची मजाच वाटली. कागदावर त्याने शब्दन्‌शब्द खरं लिहिलं होतं, खोटं ते फक्त तोंडी. अशी पावती कुणी पुढे केली की तिथूनच मागे फिरा.

बँकेत तक्रार केली. दुकानदाराने तीच पावती पाठवली, खाली माझी सही. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली’ म्हणून प्रकरण बंद. पोलीस ठाण्यात, गुन्हा परदेशात घडलाय, तिकडे जा. तिकडच्या पोलिसांना मेल केला, तुर्कीत आपोआप आलेलं उत्तर मिळालं, पुढे काही नाही. सायबर कक्षात सांगितलं, तुम्ही दुकानात स्वतः गेला होतात ना, मग हे सायबर कसं? एका संग्रहालयाने खासगी वस्तूंवर मत देत नाही म्हणून कळवलं. बँक म्हणते तज्ज्ञाचं लेखी मत आणा, तज्ज्ञ म्हणतात लेखी देत नाही. ठाण्यातल्या तरुण फौजदाराने मात्र नेमकं बोट ठेवलं. “म्हणजे काका, पानं खरी असती तर तुम्हीच तस्कर?” यावर काय बोलणार? सगळा धंदा याच एका प्रश्नावर चालतो. भारतातही तेच. १९७२च्या कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं, विकणाऱ्याकडे परवाना लागतो. तो आधी मागा. नाही म्हणाला तर भाव विचारूही नका.

निदान ते ४,२१२ आणि ७५८ तरी परत द्या, असा बँकेला पुन्हा अर्ज केला. उत्तर आलं: व्यवहार यशस्वी झाल्याने शुल्क परत मिळणार नाही.