ई-वे बिलासोबत आठ महिने: सोलापूर ते हैदराबाद

आमचा टॉवेलचा माल परराज्यात जायला लागून आठ महिने झाले. तोवर सगळा धंदा महाराष्ट्रातच. कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) राहून दुसऱ्या राज्यात माल विकता येत नाही, म्हणून आधी त्यातून बाहेर पडलो.

बिलाचं काम मला वाटलं होतं त्याहून हलकं निघालं. राज्यातल्या विक्रीवरच्या सीजीएसटी-एसजीएसटी (केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी) या दोन करांच्या जागी परराज्यासाठी एकच आयजीएसटी. हैदराबादच्या पार्टीला त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तिच्या करातून तो वजा होतो, त्यामुळे तिची कुरकुर नाही. वडील सीएसटीच्या, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरच्या जुन्या केंद्रीय कराच्या काळातले. दोन टक्के दरासाठी सी फॉर्म लागायचा आणि तो मिळवायला पार्टीच्या मागे फिरण्यात त्यांचे जोडे झिजले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते संपलं, नाक्यावरच्या रांगाही गेल्या.

आता रस्त्यात विचारतात ते ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला परवाना. पन्नास हजारांच्या वर माल असेल तर लागतं. पहिल्याच महिन्यात मी घोळ घातला. माल ४८,००० चा, म्हणून निवांत. पण रक्कम करासकट धरतात. पाच टक्के घातले की ५०,४००. बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती) फाडण्याआधी ट्रान्सपोर्टच्या कारकुनाने टोकलं म्हणून वाचलो.

पोर्टलवर बिल काढायला पाच मिनिटं पुरतात. पिनकोड टाकला की अंतर आपोआप येतं. पण एकदा काढलेलं बिल दुरुस्त होत नाही. चुकलं तर २४ तासांत रद्द करून नवं काढा. हे मला खटकतं. एका आकड्यासाठी सगळं पुन्हा भरायचं!

खरी मेख ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये, म्हणजे गाडी नंबरात. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आम्हाला दोन. रस्ता उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा, वाटेत कर्नाटकही लागतं. एकदा हुमनाबादजवळ गाडी बंद पडली. रात्री दीडला ड्रायव्हरचा फोन: माल दुसऱ्या गाडीत चढवलाय, निघू का? नवा नंबर भरल्याशिवाय निघायचं नाही, आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नाही. सकाळी साडेनऊला नंबर भरला गेला, मग गाडी हलली. गाडी बदलली म्हणून मुदत मात्र वाढत नाही. वाढवायची तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत, तेवढ्यातच.

तेव्हापासून ट्रान्सपोर्टच्या मालकाचा घरचा नंबर माझ्याकडे आहे. ड्रायव्हरचा तर बिल्टीच्या पाठीवरच लिहून घेतो.