रसग्रहणासाठी कुठलं चित्र घ्यावं: हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री की शेरगिलच्या तिघी?

माणसांचंच चित्र घेऊन रसग्रहण लिहायचं असेल, तर दोन नावं हमखास सुचवली जातात: सा. ल. हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ आणि अमृता शेरगिलचं ‘थ्री गर्ल्स’. पानभर लिहायचं असेल तर हळदणकर घ्या. त्याहून जास्त लिहायचं असेल तर मी शेरगिलच सुचवेन.

हळदणकरांच्या चित्रात प्रतीक आयतंच हाती येतं. दिवा म्हणजे आशा, शीर्षकही तेच सांगतं, आणि बऱ्याच जणांचं लिखाण तिथेच आटोपतं. खरी गंमत आहे ती तिच्या दुसऱ्या हातात. तो ज्योतीच्या आड धरलेला, बोटं उजेडाने लालसर झालेली. झुळूक आली तर दिवा विझेल, ही धास्ती त्या हातात आहे. शीर्षक झाकून पाहिलं तर आशेआधी जपणूक दिसते. त्यात हे काम जलरंगातलं! तैलरंगात उजेड मागाहून वर चढवता येतो, पारदर्शक जलरंगात तो आधीपासून राखावा लागतो. मॉडेल होती चित्रकाराची मुलगी गीता. हे जरूर लिहा, पण तेवढ्यावरून चित्रात बापाची माया शोधत बसू नका.

‘थ्री गर्ल्स’ १९३५ सालचं, शेरगिल पॅरिसहून परतल्यानंतरचं. १९३७ मध्ये त्याला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. तीन तरुणी, मागे रिकामी भिंत, बस्स. दिवा नाही, आरसा नाही, घराचा मागमूस नाही. तिघी एकमेकींना लागून, पण कुणीच कुणाकडे बघत नाही, आपल्याकडेही नाही. चित्रातला भाव त्या न जुळणाऱ्या नजरांतून येतो. ‘लग्नाची वाट पाहणाऱ्या मुली’ असं लोक बिनधास्त लिहून टाकतात. चित्रात तसं काही दाखवलेलं नाही. वाट पाहणं म्हणा, मुकाट सोसणं म्हणा, पण कशावरून ते झुकलेल्या माना आणि सैल पडलेले खांदे दाखवून सांगावं लागतं. लिहिणाऱ्याचा कस इथे लागतो.

प्रत्यक्ष बघायचं तर हळदणकरांसाठी म्हैसूरचा जगनमोहन राजवाडा, शेरगिलसाठी दिल्लीतलं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ते जमणार नसेल तर निदान चांगली छापील प्रत मिळवा. मोबाइलवर उजळवलेल्या फोटोंत हळदणकरांचा अंधार पार धुऊन निघतो, आणि अंधारच गेला तर त्या दिव्यावर लिहिण्यासारखं फारसं उरत नाही.