उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं? आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

इलेक्ट्रिक गाडी घेऊन आठ महिने झाले. चालवताना तिने एकदाही दगा दिला नाही. मला छळलं ते उभ्या गाडीने. तिसऱ्या महिन्यात ११ दिवस बाहेरगावी होतो. निघताना ८० टक्के चार्ज, परत आलो तेव्हा ६१. गाडी जागची हललेली नव्हती. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी "एवढं उतरतंच" म्हणून बोळवण केली. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

साधा हिशेब बघा. माझी बॅटरी ५० युनिटची, म्हणजे १ टक्का अर्धा युनिट. १९ टक्के म्हणजे साडेनऊ युनिट गेले. ११ दिवसांच्या २६४ तासांवर पसरले तर सतत ३६ वॅट. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तर महिन्याभरात जेमतेम काही टक्के उतरते. तेव्हा हा चार्ज आपोआप विरलेला नव्हता, गाडीतलंच काहीतरी तो खात होतं.

एका रात्री गाडी लॉक केली आणि शेजारी उभा राहिलो. बराच वेळ बारीक गुणगुण चालू होती. मग आतून 'खट्' असा आवाज आला आणि सगळं शांत झालं. मोठ्या बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, सुटला होता, गाडी झोपली होती. किती टक्के उरलेत ते बघायला मी फोनवर ॲप उघडलं. दोन-तीन सेकंदांत पुन्हा 'खट्', पुन्हा तीच गुणगुण! ती पुढे पंचवीस मिनिटं चालली. बाहेरगावी असताना मी काळजीपोटी रोज चार-पाचदा ॲप उघडत होतो, आणि दर वेळी गाडीला झोपेतून उठवत होतो. जागी असताना तिचे कॉम्प्युटर दोनेकशे वॅट सहज ओढतात. निम्मा हिशेब इथेच लागला.

उरलेला निम्मा डोंगलने, म्हणजे गाडीतली माहिती वाचून दाखवणाऱ्या छोट्या उपकरणाने खाल्ला. बॅटरीची माहिती बघायला मी ओबीडी पोर्टला (गाडीची तपासणी करायच्या सॉकेटला) तो लावून ठेवला होता आणि तो गाडीला धड झोपू देत नव्हता. काढल्यावर फरक दुसऱ्याच दिवशी दिसला.

पार्किंगमध्ये कॅमेऱ्याने पहारा देणारी सोय असेल तर तिच्याकडे आधी बघा. माझ्या गाडीत ती चालू ठेवून १० तासांत ५ टक्के गेले, म्हणजे ताशी पाव युनिट. अनोळखी जागी मी ती लावतो, पण घरच्या पार्किंगमध्ये बंद. चावीही गाडीपासून लांब ठेवतो, जवळ असली तर तिनेही गाडी जागी होऊ शकते. थंडीत सकाळी टक्के कमी दिसले तर लगेच घाबरू नका, बॅटरी तापली की त्यातले काही परत दिसतात.

लोक १२ व्होल्टच्या बॅटरीकडे फारसं लक्ष देत नाहीत, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते तिच्याबद्दल. दारांची कुलुपं, अलार्म, कॉम्प्युटर, आणि तो कॉन्टॅक्टर जोडणंसुद्धा तिच्यावर चालतं. मोठी बॅटरी भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडी सुरूच होत नाही. झोपलेली गाडी मधूनमधून उठून मोठ्या बॅटरीतून हिला चार्ज करते. छोटी जुनी, कमकुवत झाली की हे उठणं वाढतं आणि टक्के आणखी उतरतात. म्हणून उतार अचानक वाढला तर आधी हिची तपासणी करून घ्या. मोठी बॅटरी खराब झाली असं कुणी परस्पर सांगितलं तर लगेच मान्य करू नका.

गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी आता ६०-७० टक्क्यांवर ठेवतो. पूर्ण भरूनही नाही आणि तळाशी गेलेली तर अजिबात नाही. गेल्या महिन्यात १४ दिवस उभी होती. डोंगल नाही, कॅमेरे बंद, ॲप एकदाही उघडलं नाही. ७० वर सोडली होती, आल्यावर ६७ दिसले.